ताटातलं डावं-उजवं

पहिली पंगत उठली होती, दुसरीची पानं मांडून झाली होती. भाचीचं लग्न, पुण्यातलं जुनं मंगल कार्यालय, मे महिना. पाठदुखीचं निमित्त करून मी लवकर येऊन पानावर बसले, तेव्हा त्या लांबलचक हॉलमध्ये माझ्याशिवाय फक्त मीठ वाढणारे काका होते. वय साठीच्या पुढचं, अंगात बंडी, खांद्यावर पंचा, हातात चार वाट्या जोडलेलं आणि मधोमध मूठ असलेलं भांडं. पानापाशी वाकायचं, चिमूट सोडायची, पुढच्या पानाकडे सरकायचं. शेंडा डावीकडे केलेल्या केळीच्या पानाच्या वरच्या कडेला, बरोबर मधोमध, मिठाची तेवढीच टिकली. शंभरेक पानं झाली असतील, एकाही पानावर ती बोटभर इकडेतिकडे गेली नाही.

मग दुसऱ्या फेरीत लिंबाची फोड, तिच्या डावीकडे ओल्या नारळाची हिरवी चटणी, पलीकडे काकडीची कोशिंबीर, कडेला लोणचं. उजवी बाजू अजून रिकामीच होती. आचारी आत बटाट्याच्या भाजीत कोथिंबीर टाकत असणार.

"काका, डावी बाजूच आधी का हो?" मी उगाच विचारलं.

ते थांबले नाहीत. पुढच्या पानावर फोड ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, उजवीकडचं आचाऱ्याचं. डावीकडचं ज्याचं त्याचं. ज्याचं त्याचं आधी देऊन टाकावं, मग कटकट नसते."

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण गेले सहा महिने चटण्या-लोणच्यांच्या मागे फिरत मी जे शोधत होते ते यात होतं. आमटी तीनशे माणसांची एकच असते. तिच्यात गूळ किती, चिंच किती, हे आचाऱ्याने ठरवलेलं असतं आणि आपण निमूट खायचं असतं. पण मीठ, लिंबू, चटणी, लोणचं यांतलं कोणी किती घ्यायचं, कशाला लावायचं, आधी खायचं की शेवटी, की तसंच पानात टाकून उठायचं, हे मात्र खाणाऱ्याच्या हातात. मराठीत 'डावं' म्हणजे कमी प्रतीचं. 'डावं-उजवं करणं' म्हणजे भेदभाव करणं. ताटात मात्र माणसाचं स्वतःचं असं जे काही असतं ते सगळं डावीकडे. तोंडी लावणं म्हणतो आपण त्याला. त्या शब्दात 'तोंड' आहे आणि तोंड प्रत्येकाचं वेगळं.

काकांना हे पाठ आहे. कोण कुठला, हे त्यांना डाव्या बाजूवरून कळतं म्हणतात. नारळाच्या चटणीला बोटही न लावता जो इकडेतिकडे बघतो, तो देशावरचा. अशांसाठी आत एका परातीत मीठ लावून तळलेल्या मिरच्या तयार असतात. त्या पंगतीत फिरवायच्या नाहीत, मागितल्या तरच द्यायच्या. "कोल्हापूरकडचं वऱ्हाड असलं की परात दोनदा भरावी लागते," असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले. माझ्या पानातली चटणी तशीच होती.

मी गडहिंग्लजची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला आता एकतीस वर्षं झाली. आल्यावर चौथ्याच दिवशी स्वयंपाकघरात एकटी सापडले. वांग्याची भाजी फोडणीला टाकली होती. मी सासूबाईंना विचारलं, "आई, चटणी किती घालू?"

"भाजीत?" त्यांनी वळून पाहिलं. "भाजीत चटणी कशाला गं? चटणी पानात वाढायची."

आमच्याकडे चटणी पानात वाढत नाहीत असं नाही. पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे नुसतं 'चटणी' म्हटलं की तो डब्यातला लाल मसाला, कांदा-लसूण घालून वर्षाचा कुटून ठेवलेला. तो भाजीत पडतो, आमटीत पडतो, मटणात तर पडतोच, आणि काही नसलं तर भाकरीवर तेलात कालवून तोच तोंडी लावायचा. त्या दिवशी सासूबाईंना वाटलं, या मुलीला साधी भाजी येत नाही. मला वाटलं, या घरात चटणीच नाही, आता जन्म कसा काढायचा. दोघी अर्ध्याअर्ध्या खऱ्या होतो.

या एप्रिलमध्ये मुद्दाम चटणीच्या दिवसांत माहेरी गेले. वहिनीबरोबर डंखावर जायचं होतं. डंख म्हणजे मिरची कुटायची गिरणी. लोखंडी मुसळं ओळीने उभी, खाली उखळं. पट्टा फिरू लागला की मुसळं एकाआड एक वर उचलली जातात आणि आपल्या वजनाने धाडकन खाली पडतात. दारापासून वीस पावलांवरच घशात खवखव सुरू होते. आत बसलेल्या बायका नाकाला पदर लावून, डोळे बारीक करून आपापल्या डब्यावर नजर ठेवून. डोळ्यांत पाणी सगळ्यांच्याच, पण उठून बाहेर कोणी जात नाही. आपला घाणा दुसरीच्या घाण्यात मिसळला तर? आपल्या आधी जी कुटून गेली तिची चटणी उखळाच्या तळाशी राहिली असेल तर? वहिनी स्वतः वाकून उखळ झाडूनपुसून घेते आणि मगच पिशवी सोडते.

पिशवीत काय असतं, तर घराघराची आवड. मिरची एकाच जातीची कोणी घेत नाही. रंगासाठी ब्याडगी, जाळासाठी संकेश्वरी, आणखी हौस असेल तर मूठभर लवंगी. संकेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, फक्त मधे राज्याची सीमा आहे. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, कमी बियांची, दिसायला लालभडक आणि स्वभावाने गरीब. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग काढून तो लिपस्टिकमध्ये आणि नखांच्या रंगातही घालतात. आमच्याकडे ब्याडगीचे तीन वाटे आणि संकेश्वरीचा एक. पलीकडच्या गल्लीतल्या काकूंच्या घरी बरोबर उलटं, आणि आमची चटणी म्हणजे 'नुसतं कुंकू' असं त्या चारचौघांत सांगतात. मग धने, तीळ, खोबरं भाजून. कांदा चिरून, उन्हात सुकवून, तळून. लसूण सोलायला अख्खी दुपार जाते. खडे मीठ. हे प्रमाण वहिनीने माझ्या आईकडून घेतलं, आईने आजीकडून, आणि प्रत्येकीने ते घेताना थोडं बदललं.

घाणा निघाला की गिरणीवाला पळीने डब्यात भरतो. चटणी गरम असते. कुटण्याच्या माराने तेल सुटलेलं, मुठीत दाबली तर मूद धरते. वहिनीने घरून फडक्यात अर्धी भाकरी आणलीच होती. त्यावर चिमूटभर ठेवून आधी मला दिली, मग गिरणीवाल्याला. त्याने खाल्ली नाही. हातातच धरून म्हणाला, "ह्या वर्षी लसूण वाढिवलासा." वासावरून.

"धाकट्याला आवडतंय," वहिनी म्हणाली. तेवीस वर्षांच्या मुलाच्या आवडीने अख्ख्या घराची वर्षभराची चटणी बदलली होती. माझ्या भावाला कोणी विचारलं नव्हतं.

गंमत अशी की ज्या मिरचीवरून आम्ही एवढे गट पाडतो ती आपल्याकडची नव्हेच. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेतली मिरची सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटपणाचं काम मिरी, आलं आणि पिंपळी करत. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या जेवणाचं लांबलचक वर्णन आहे, त्यात मिरं आहे, हिंग आहे, मोहरी आहे, मिरची नाही. नाव देतानाही आपण फार डोकं चालवलं नाही. मिरीसारखी झोंबते म्हणून मिरची. शेंगदाणाही तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे सोलापूरची शेंगाचटणी, जिच्यावाचून आमच्या ओळखीचे एक सोलापूरकर प्रवासाला निघत नाहीत, तिच्यातला शेंगदाणाही पाहुणा आणि मिरचीही पाहुणी. घरचे म्हणायचे तर लसूण, जिरं आणि मीठ.

ती चटणी मी सोलापुरात कुटताना पाहिली. ती कुटावीच लागते. मिक्सरमध्ये दाण्याचा भुगा होतो. मुसळाखाली दाणा चिरडतो, त्याचं तेल बाहेर येतं आणि चटणीला पापुद्रे धरतात. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर हे पापुद्रे आणि वर दही. दह्याबद्दल दुकानात दोन मतं निघाली. एक म्हणे दह्याशिवाय शेंगाचटणी म्हणजे कोरडा घास. दुसरा म्हणे दही घालायचं तर चटणी कशाला, ताकभात खा की. दोघं सख्खे भाऊ होते.

ठेच्याचंही तसंच. आम्ही खर्डा म्हणतो, बाकीचे ठेचा म्हणतात, आणि दोन्ही एकच का, यावर मी तरी आता वाद घालणार नाही. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात डागाळेपर्यंत भाजायच्या, लसूण टाकायचा, खडे मीठ टाकायचं आणि तवा चुलीवरून उतरवून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायचं. खलबत्ता काढायचा नाही. तांब्याचं बूड तव्यावर फिरताना जो करकर आवाज येतो तो ऐकून माझ्या वडिलांची भूक खवळायची. ते हातपाय धुवायला उठत ते त्या आवाजावर, हाका मारून नव्हे. मराठवाड्यात, विदर्भात ओल्या लाल मिरच्यांचा रंजका करतात, त्यात लिंबू पिळतात, आणि तो बरणीत भरून ठेवता येतो. नागपूरकडे भिवापुरी मिरचीचा तोरा. नंदुरबारला तर मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या दिवाळीनंतर शेतंच्या शेतं लाल करून टाकतात. एवढी मिरची पिकवणाऱ्या मुलखात प्रत्येकाचं तिखट वेगळं असणारच.

पण तिखट ही मुळात चवच नाही, असं शास्त्र सांगतं. आयुर्वेदाच्या सहा रसांत ती आहे, मात्र तिथेही आपली फसगत ठरलेली. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपण 'कटु'चा 'कडू' केला. त्यामुळे वैद्यांनी कटुरस वर्ज्य सांगितला की घरचे कारली बंद करतात आणि ठेचा चालूच राहतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या चवीच्या कळ्यांशी बोलतच नाही. ते वेदनेच्या मज्जातंतूंवरच्या एका ग्राहकाला जाऊन चिकटतं, जो एरवी पोळणारी उष्णता जाणवली की जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे मेंदूला खरोखरच तोंड भाजल्याचा निरोप जातो. मराठीत आपण पहिल्यापासून 'तोंड पोळलं' असंच म्हणत आलोय, त्याला कोणी पारितोषिक दिलं नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून घटाघटा पाणी पिऊन उपयोग नसतो, दही-दूध खावं. हेही आजीला माहीत होतं.

मग भाजतंय हे कळूनही माणूस पुन्हा का मागतो? पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मेक्सिकोत जाऊन याचा अभ्यास केला. मिरची पहिल्यांदा कुठल्याच मुलाला आवडत नाही. आजूबाजूची मोठी माणसं खातात, म्हणून तेही चाखतं, रडतं, पुन्हा चाखतं, आणि एक दिवस तेच हवंसं होतं. आणखी मागे जायचं तर पोटातच सुरुवात होते. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस प्यायलेल्या आयांची बाळं पुढे गाजराच्या चवीला कमी तोंडं वेंगाडतात, असं २००१ मधल्या एका प्रयोगात दिसलं होतं. मी हे वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय की. धाकट्याच्या येळंला मला लसणीचेच डोहाळे होते."

सासरी मी जे शिकले ते मात्र मिरचीचं नव्हतं, मोहरीचं होतं. सासूबाई मोहरी फेसायच्या. पाट्यावर मोहरी, वर पाण्याचे चार थेंब, आणि वरवंटा गोल गोल. आधी काहीच होत नाही. कोरडी मोहरी हुंगून बघा, तिला वासच नसतो. पाणी लागून दाणा फुटला की त्यातली दोन द्रव्यं, जी एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, एकमेकांना भेटतात आणि तिसरंच एक जहाल द्रव्य तयार होतं. पिवळसर फेस यायला लागतो. "आता नाक पुढे कर," त्या म्हणायच्या. ती कळ जिभेला लागतच नाही, सरळ नाकातून टाळूला जाते आणि क्षणात विरते. मिरची जशी रेंगाळते तशी ही रेंगाळत नाही. फोडणीत तडतडलेली मोहरी नाकात चढत नाही, कारण त्या दोन द्रव्यांतलं एक उष्णतेने निकामी होतं. म्हणून फेसलेली मोहरी गरम कशात घालायची नाही. सासूबाईंनी द्रव्यांची नावं कधी ऐकली नसतील, पण लोणच्याचं तेल कडकडीत तापवून पूर्ण निवल्याशिवाय त्यांनी कधी मसाल्यावर ओतलं नाही. वाटी हाताला लावून बघायच्या, मग गालाला.

मला ती मोहरी पहिल्या वर्षी बेचव वाटली, दुसऱ्या वर्षी बरी वाटली, आणि आता काकडीच्या कोशिंबिरीत ती नसली तर मला चुकल्यासारखं होतं. माहेरी गेले की वहिनी चिडवते, "पुणेकरीण झालीस."

लोणच्यात आमच्या घराचे दोन तट आहेत, फोडवाले आणि खारवाले. फोड म्हणजे कैरीचा तुकडा, खार म्हणजे तिच्याभोवतीचा मसाला-मीठ-तेलाचा रसरशीत लगदा. मी खारवाली. नवरा फोडवाला. आमच्या लग्नात कोणी पत्रिका पाहिली की नाही मला आठवत नाही, पण लोणच्याच्या बाबतीत छत्तीस गुण जुळले होते. अडचण मुलगा मोठा झाल्यावर आली. तोही खार खातो. त्यामुळे मार्चपर्यंत बरणीत तळाला नुसत्या कोरड्या फोडी उरतात आणि नवऱ्याला वाटतं, सगळं त्याच्यासाठी राखलंय.

बरणी चिनी मातीची, दोरंगी, तोंडाला दादरा बांधलेली. तिला ओला हात लागता कामा नये, ओला डाव लागता कामा नये. इथवर ठीक. पण आमच्या आजेसासूबाईंच्या काळी महिन्यातले चार दिवस घरातल्या बायकांची सावलीसुद्धा तिच्यावर पडायची नाही, लोणचं नासतं म्हणे. कैऱ्या फोडायच्या बायकांनी, मीठ चोळायचं बायकांनी, आणि नासलं तर दोषही त्यांचाच. सासूबाईंनी ते एका जूनमध्ये मोडलं. मुद्दाम त्याच चार दिवसांत लोणचं घातलं, कोणाला सांगितलं नाही, आणि पुढच्या जूनपर्यंत रोज घरच्यांना वाढलं. शेवटची फोड संपल्यावर मग सांगितलं. हे त्या सांगायच्या तेव्हा सासरे पेपरमध्ये डोकं खुपसून बसायचे.

त्या सासऱ्यांची, बाबांची गोष्ट मिठाची. पानात वाढलेलं मीठ ते अर्धं खायचे आणि वर पापड, लोणचं, सांडगी मिरची. रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांसाठीच तेवढं सांगते, पण बाबांना वाटलं, ही शिक्षा त्यांना एकट्याला झालीय. आमटी अळणी झाली ते त्यांनी सहन केलं. लोणचं गेलं, पापड गेला, तेही. पण पहिल्या दिवशी ताटात वरच्या कडेला मिठाची जागा रिकामी दिसली तेव्हा ते जेवायला बसेनात. "मेल्यावर वाढतात तसं ताट वाढलंय," असं काहीबाही बोलले.

सासूबाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी लिंबाची चंद्रकोर ठेवली आणि त्यावर भाजलेल्या जिऱ्याची पूड. आंबट लागलं की जिभेला मीठ कमी असल्याचं तेवढं जाणवत नाही, हे खरंच आहे. बाबा ती फोड आधी बोटाने मधोमध सारून घ्यायचे, मग जेवायला सुरुवात. पुढची सहा वर्षं ते असेच जेवले. पंगतीत मीठवाले काका माझ्या पानावर वाकले तेव्हा मला बाबांचं ते बोट आठवलं.

बाबांना खरा राग होता सॉसचा. नातू पोळीला टोमॅटो सॉस फासून तिची गुंडाळी करायचा. "हे काय रक्तबंबाळ खातोस?" यावर आमच्याकडे रोज एक फेरी व्हायची. बिचाऱ्या सॉसचं घराणं जुनं आहे. केचप हा शब्द चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होक्किएन बोलीतला, आणि मूळ पदार्थ खारवलेल्या माशांचं पाणी. इंग्रजांनी तो उचलला, त्यात अळंबी घातली, अक्रोड घातले, आणि टोमॅटो पार शेवटी, अमेरिकेत. माशाच्या पाण्याचा हा वंशज आता आपल्याकडच्या कडक शाकाहारी घरांत डब्यातल्या पराठ्याबरोबर जातो. गाडीवरच्या स्वस्त सॉसमध्ये तर टोमॅटोपेक्षा लाल भोपळाच जास्त असतो. मला सॉस आवडत नाही, पण बाबांच्या बाजूने बोलायला तोंड उरलं नव्हतं. शेवटी माझी मिरचीही जहाजातूनच आलेली.

शेजवान चटणीचं प्रकरण आणखी मजेदार. ती आता वड्यावर असते, डोशात असते, फ्रँकीत असते. नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं. त्या प्रांताची ओळख ज्या मसाल्यामुळे आहे, जीभ बधिर करणाऱ्या त्या दाण्यांचा, आपल्या शेजवान चटणीत पत्ता नसतो. लाल मिरची, लसूण, व्हिनेगर, संपलं. आणि त्या दाण्यांची सख्खी चुलत बहीण आपल्याच कोकणात झाडावर लटकत असते. तिरफळ. एकाच कुळातली दोन झाडं. मालवणात बांगड्याच्या आमटीत चार तिरफळं ठेचून टाकतात. चुकून दातांखाली आलं की ओठ मुंग्या आल्यासारखे होतात. म्हणजे ज्याला शेजवान म्हणावं ते मालवणच्या वाडग्यात, आणि ज्याला म्हणतो ते गाडीवर.

किनाऱ्यावर तोंडी लावण्याचा हिशोबच वेगळा. तिथे डावीकडे मासळी येऊ शकते. सुका जवळा तव्यावर खरपूस भाजून, कांदा, तिखट, ओलं खोबरं आणि कोकम घालून केलेली चटणी. गोव्यात त्याच वळणाचं किसमूर, सुक्या सुंगटांचं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, ताजी मासळी नसते, तेव्हा पेजेबरोबर एवढंच, नाहीतर खारातली कैरी. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वेंगुर्ल्याचं एक कुटुंब राहतं. जुलैत त्यांच्याकडे जवळा भाजला की जिन्यात कुजबुज होते. मला वास सहन होत नाही असं मी पंधरा वर्षं म्हणत होते. या वर्षी त्या घरातल्या मावशींनी वाटीभर चटणी पाठवली. भाकरीशी खाल्ली. वास जिन्यात असतो तितका तोंडात नसतो. डंखावर नाकाला पदर लावून बसणाऱ्या बाईने खरं तर हे आधीच ओळखायला हवं होतं.

तर, ती पंगत. जेवण आटपलं, विहीण रुसली, समजूत निघाली, मंडळी पानसुपारीकडे वळली. चारच्या सुमाराला मी चहा शोधत मागच्या बाजूला गेले तर वाढपी जेवायला बसले होते. पत्रावळ्यांवर. उरलेली आमटी, भात, जिलबी. मीठवाले काका भिंतीला टेकून. त्यांच्या पत्रावळीची डावी बाजू मी मुद्दाम पाहिली. मीठ नाही, लिंबू नाही, ती हिरवी चटणी नाही, लोणचं नाही. दिवसभर शेकड्यांनी वाढलेल्यातलं काहीच नाही.

त्यांनी शेजारची कापडी पिशवी ओढली, आतून एक चपटी ॲल्युमिनियमची डबी काढली, झाकण उघडून पत्रावळीवर डावीकडे टिचकीने थोडं पाडलं. काळंकुट्ट, किंचित तेलकट. कारळ्याची चटणी.

"गावची?"

"गावचीच. घरनं येते." त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. मी चिमटीने तळहातावर घेतली. आधी भाजलेल्या कारळ्यांचा खमंगपणा, मग लसूण, मग मागून येणारं बारीक तिखट, आणि शेवटी काहीतरी आंबट, जे चिंच नव्हतं, आमसूलही नव्हतं.

"यात आंबट काय घातलंय, काका?"

"ते घरी विचारायला लागेल," ते म्हणाले, आणि डबीचं झाकण दाबून बसवलं.